शेवटच्या कडव्यातलं नाव

नांदेडच्या बसस्थानकासमोर, लातूरच्या गंजगोलाईत, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत दहा-पंधरा वर्षांपूर्वी एक पाटी हमखास दिसायची: ‘मोबाइलमध्ये गाणी भरून मिळतील’. आत एक जुना कॉम्प्युटर, कार्ड रीडर आणि पडद्यावर फोल्डर: भीमगीते, आराधी, भजन-हरिपाठ, लावणी, कव्वाली, डीजे. गिऱ्हाईक फोल्डरचं नाव सांगायचं, पोरगं सगळा फोल्डर उचलून कार्डात टाकायचं. गाणं कुणी लिहिलं हे कुणी विचारत नव्हतं आणि विचारलं असतं तरी त्या पोराला सांगता आलं नसतं. फाइलचं नाव बहुतेक वेळा ‘ट्रॅक ०४’.

त्या फोल्डरांच्या भिंती आतल्या गाण्यांना मात्र मान्य नव्हत्या. आराधी गाण्याची चाल भीमगीतात सापडायची, कव्वालीचा ठेका भजनात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उर्दू इथं सरकारदरबारची आणि शाळेची भाषा होती. त्यामुळे समोरासमोर दोन पार्ट्या बसवून रात्रभर सवाल-जवाब करायची कव्वालीची रीत इथल्या वस्त्यांना परकी वाटली नाही. पेटी, ढोलक, बेंजो आणि मागे टाळ्या देणारा कोरस एवढ्या सामानावर बुद्धाची, बाबासाहेबांची, खंडोबाची, हुंड्याची, दारूची, सगळी गाणी चालतात. वेगळी पडतात ती दुकानाच्या फळीवर.

असल्या फळ्या लावायचं काम अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी झालं. १९२०च्या दशकात तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतल्या गरिबांच्या गाण्याचे दोन कॅटलॉग केले. गोऱ्यांचं ते ‘हिलबिली’, काळ्यांचं ते ‘रेस रेकॉर्ड’. पुष्कळदा गाणी तीच, चाली त्याच, गिटार वाजवायच्या युक्त्याही एकमेकांकडून उचललेल्या. पण दुकानात दोन वेगळे खण. हिलबिलीच्या खणाला पुढं ‘कंट्री’ हे सभ्य नाव मिळालं. १९२७च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीचं यंत्र घेऊन टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या हद्दीवरल्या ब्रिस्टल गावी गेला आणि आसपासच्या डोंगरातले गाणारे बोलावून त्यानं रेकॉर्डिंग केलं. जिमी रॉजर्स आणि कार्टर फॅमिली हे दोन्ही त्याला तिथंच मिळाले. कंट्री संगीताचा व्यवसाय त्या थोड्या दिवसांच्या कामावर उभा राहिला असं मानतात.

कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर डोंगरातल्या वस्त्यांवर फिरून जुनी गाणी गोळा करायचा. बरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. कार्टर शब्द उतरून घ्यायचा, रिडल चाल डोक्यात ठेवायचा. घरी आल्यावर गाणी बसायची, रेकॉर्ड व्हायची आणि कॉपीराइट लागायचा तो ए. पी. कार्टर या नावानं. जे कुणाचंच नव्हतं, किंवा सगळ्यांचं होतं, ते एका माणसाचं झालं. रिडलचं नाव कित्येक वर्षं कुणाच्या गावीही नव्हतं.

आपल्याकडे नेमकं उलटं झालं. एका माणसानं लिहिलेलं, त्याच्या नावासकट लोकांना पाठ असलेलं गाणं कॅसेटच्या वेष्टनावर यायचं तेव्हा खाली छापलेलं असायचं: ‘गीत: पारंपरिक’.

लोकगीत म्हणजे कर्ता नसलेलं गाणं, ही समजूत शहरी अभ्यासकांनी रुजवली आणि कंपन्यांना ती फारच सोयीची पडली. कर्ता नाही म्हणजे पैसे कुणाला द्यायचे हा प्रश्नच मिटला. पण महाराष्ट्रातला गाणारा माणूस कर्तेपणाबद्दल कधीच बेफिकीर नव्हता. ‘तुका म्हणे’पासून शाहिराच्या मुद्रिकेपर्यंत आपल्याकडे नाव गाण्याच्या आतच टाकतात. वेष्टन फाटेल, वही हरवेल, गाणारा बदलेल. शेवटचं कडवं म्हटलं की नाव आलंच. ते गाळायचं तर यमक मोडतं आणि मात्रा कमी पडतात. नोंदणी कार्यालयाशिवाय चालणारा याहून पक्का कॉपीराइट मला माहीत नाही.

ही रीत ज्यानं सगळ्यात नेटानं वापरली तो माणूस म्हणजे वामनदादा कर्डक. ते मराठवाड्याचे नव्हेत. १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत त्यांचा जन्म झाला. पण नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही गायन पार्टीची वही उघडा, त्यांच्या गाण्यांशिवाय ती पुरी होत नाही. मुंबईत कोळशाच्या वखारीत, गिरणीत मिळेल ते काम करत ते वाढले. विशीपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. शिवडीच्या चाळीत कुणीतरी पत्र वाचून दाखव म्हणून हातात दिलं आणि वाचता येईना, ती लाज त्यांना लागली. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरं शिकवली, आणि पुढचा सराव त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचून केला. पहिलं गाणं १९४३चं. त्यानंतर साठ वर्षं गाडी, एस.टी., बैलगाडी, जे मिळेल त्यानं गावोगाव फिरून त्यांनी हजारोंनी गाणी लिहिली आणि स्वतः म्हटली. १५ मे २००४ रोजी ते गेले. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह सत्तरच्या दशकात निघाले. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९च्या गाजलेल्या चित्रपटातही त्यांचं गाणं आहे. एवढ्या भांडवलावर दुसरा माणूस सिनेमातच राहिला असता.

आता हे ‘स्वतः लिहून स्वतः गाणारे’ वामनदादा अल्बममध्ये शोधायला जावं तर फारसे हाती लागत नाहीत. त्यांची गाणी रेकॉर्डवर आणि कॅसेटवर गाजली ती बहुतेक दुसऱ्यांच्या गळ्यातून. अमेरिकेत वूडी गथ्री किंवा बॉब डिलन म्हटलं की लोक अल्बमची नावं घेतात. आपल्याकडे वामनदादांचं नाव निघालं की म्हातारी माणसं रात्रीची नावं घेतात: अमुक साली अमुक गावच्या भीमजयंतीला ते आले होते, मांडव पडला होता, तरी म्हणत राहिले.

गथ्रीशी त्यांचं एक नातं मात्र थेट आहे. गथ्रीनं १९४० साली लिहिलेल्या ‘धिस लँड इज युअर लँड’ची चाल कार्टर फॅमिलीच्या गाण्यावरून घेतलेली. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याला फक्त शब्दांकडे लक्ष द्यावं लागतं. वामनदादांनी आणि आंबेडकरी जलशाच्या सगळ्याच गीतकारांनी हेच केलं. काल टूरिंग टॉकीजमध्ये वाजलेली सिनेमाची चाल आज रात्री शिक्षणाच्या गाण्याला लावली. गावातल्या बायाबापड्यांना दुसऱ्या कडव्यापासून कोरसात भर घालता यायची. ‘चोरलेल्या चाली’ म्हणून नाक मुरडणारे समीक्षक पुण्या-मुंबईत पुष्कळ होते. त्यांनी गथ्रीला मात्र कधी नाक मुरडलं नाही.

जयंतीच्या रात्रीचं गाणं प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून पाहिल्याशिवाय अल्बमनं काय कापलं हे कळत नाही. गायक आधी दोन ओळींचा शेर टाकतो. मग ध्रुपद. ते कोरसानं उचललं की ढोलकवाला ठेका धरतो. पहिलं कडवं संपता संपता समोरून कुणीतरी उठतो, गर्दीतून वाट काढत येतो, पेटीवर नोट ठेवतो आणि गायकाच्या कानात काही सांगतो. पेटी चालूच असते. गायक गाणं आहे तिथं सोडून माइकवर सांगतो: अमक्या गावचे माजी सरपंच, त्यांच्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ एकशे एक रुपये, पार्टी आभारी आहे, जय भीम. आणि त्याच श्वासात परत कडवं. सात कडव्यांच्या गाण्यात असे दहा थांबे येतात. नोट देणाऱ्यानं ‘तेच परत म्हणा’ म्हटलं तर तेच कडवं तिसऱ्यांदा. गाण्याची लांबी पार्टी ठरवत नाही, समोर बसलेलं गाव ठरवतं. कधी पंचवीस मिनिटं, कधी पाऊण तास. शेवटच्या कडव्यात गीतकाराचं नाव येतं तेव्हा जाणती मंडळी हात वर करून दाद देतात, ती गाणाऱ्याला असते तितकीच लिहिणाऱ्यालाही.

आता हेच गाणं कॅसेटच्या मापानं मोजू. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली ही फीत बाजारात आणली, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून आपल्याकडे तिचा पूर आला. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे तीस मिनिटांची एक बाजू. एका बाजूला चार गाणी बसवायची तर एकेकाला सात मिनिटांच्या आसपास. त्याआधीच्या लाखेच्या तबकडीवर तीनच मिनिटं मिळायची, त्या मानानं ही चैन होती. पण पाऊण तासाच्या गाण्याला सात मिनिटं म्हणजे सातातली तीन-चार कडवी उडणार. उडायची ती बहुधा मधली, जिथं मुद्दा मांडलेला असतो. देणगीच्या घोषणा तर अर्थातच नाहीत. शेवटचं कडवं उडालं की नावही उडालं, आणि वेष्टनावर ‘पारंपरिक’ छापायला वाट मोकळी.

तरीही कॅसेटला मी शिव्या देणार नाही. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं उत्तर भारतातल्या या बाजारावर १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडून स्थानिक बोलीतली, छोट्या गटांची गाणी कशी बाहेर आली हे त्यानं त्यात दाखवलं आहे. महाराष्ट्रात वेगळं काही झालं नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांतून ब्राह्मणाच्या ओसरीवर पोचला आणि भीमगीतांतून बौद्धवाड्यात. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट’नं ऐंशीच्या दशकात रिक्षा, रसवंती, लग्नाचे मांडव काही सोडलं नाही. कॅसेट नसती तर गावच्या गळ्याला ही पोच मिळाली नसती. माझी तक्रार एवढीच की तिनं गाणारा मोठा केला आणि लिहिणारा पुसला.

गर्दीचा आवाज अल्बमात ठेवता येतो, हेही इथंच सांगायला हवं. जॉनी कॅशनं १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गाऊन अल्बम केला. त्यात तुरुंगाच्या लाऊडस्पीकरवरच्या घोषणा तशाच ठेवल्या आहेत, आणि अल्बमची निम्मी ताकद त्यातच आहे. गंमत म्हणजे पहिल्या गाण्यातल्या एका ओळीवर कैदी जो जल्लोष करताना ऐकू येतात तो नंतर स्टुडिओत चिकटवलेला. म्हणजे तिथल्या कंपनीला गर्दी मुद्दाम घालून घ्यावीशी वाटली, आणि आपल्या कंपन्यांनी आयती आलेली गर्दी पुसून टाकली. एखाद्या निर्मात्यानं बिलोलीच्या किंवा उदगीरच्या जयंतीची एक अख्खी रात्र सरपंचांच्या एकशे एक रुपयांसकट बाजारात आणायची हिंमत केली असती, तर मराठी लोकसंगीतातला तो पहिल्या नंबरचा अल्बम ठरला असता असं माझं मत आहे.

शाहीर अल्बमला पुरून उरतो याचं आणखी एक कारण म्हणजे वेळ. अल्बम जमवायला महिने लागतात, शाहिराला गाणं उद्या हवं असतं. १९९३चा शेवट आठवून पाहा. ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेत गाडली गेली. २५ नोव्हेंबरला नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी, म्हणजे त्याला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून, स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. साडेतीन महिन्यांत तीन गोष्टी, आणि त्यामागं सोळा वर्षांची चळवळ. विधिमंडळानं नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ला केला होता. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. आजही १४ जानेवारीच्या कार्यक्रमांत ही नावं गाण्यांतून घेतली जातात. ज्या पोरांचा जन्म त्यानंतर वीस वर्षांनी झाला त्यांना पोचीराम कांबळे माहीत आहेत ते पाठ्यपुस्तकातून नाही, गाण्यातून.

अमेरिकेत कंट्रीचा धंदा मोठा झाला तशी त्यावर साय चढत गेली. नॅशव्हिलच्या स्टुडिओत व्हायोलिनांचे ताफे आले, चकचकीत कपडे आले, आणि शेतकऱ्याचं गाणं हिशेबी झालं. १९९० साली इलिनॉय राज्यातल्या बेलव्हिल गावच्या ‘अंकल टुपेलो’ या तीन पोरांच्या बँडनं ‘नो डिप्रेशन’ नावाचा अल्बम काढला. शीर्षकगीत कार्टर फॅमिलीनं १९३६ साली, मंदीच्या काळात गायलेलं. या पोरांनी त्याच्या शेजारी बंद पडणाऱ्या कारखान्यांची, दारूची, गावात अडकून पडल्याची स्वतःची गाणी ठेवली आणि कर्कश गिटारवर वाजवली. त्या नावाचं एक मासिकही १९९५ला निघालं. या धाटणीला लोक ‘आल्टर्नेटिव्ह कंट्री’ म्हणू लागले. तिथली गंमत अशी की बंड करणाऱ्यांनी नवं काही शोधलं नाही, आज्याचं गाणं बाहेर काढलं. त्या अल्बमच्या आठ वर्षं आधी, जानेवारी १९८२मध्ये, ब्रूस स्प्रिंगस्टीननं घरातल्या खोलीत चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर ‘नेब्रास्का’ची गाणी म्हटली होती. मग स्टुडिओत बँड घेऊन परत करून पाहिली, ती बिघडली, आणि शेवटी खिशात घेऊन फिरलेली तीच कॅसेट अल्बम म्हणून निघाली.

मराठवाड्यात या धाटणीला जवळचं असं काही शोधायचं तर मी परभणीच्या इंद्रजित भालेरावांकडे बोट दाखवीन. ‘पीकपाणी’ हा त्यांचा संग्रह १९८९चा. गावाकडं चल म्हणणारं त्यांचं गाणं शाळेच्या स्नेहसंमेलनापासून शेतकरी मेळाव्यापर्यंत सगळीकडे म्हटलं जातं, आणि ते स्वतःही कविता वाचत नाहीत, गातात. खेड्यातला गोडवा सांगणारी भावगीतं मराठीत पोत्यांनी होती. भालेरावांनी त्यात काबाड आणलं, कुणबिणीचे पाय आणले. दुसरीकडे जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे यांनी लिहिलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकात संभाजी भगत यांची गाणी आहेत. ‘कोर्ट’ या २०१४च्या चित्रपटातल्या शाहिराची गाणीही त्यांचीच. रंगभूमीवर आणि पडद्यावर या गाण्यांना जागा मिळाली ती अल्बमला वळसा घालून. २०२२च्या एप्रिलमध्ये उदगीरला एकाच वेळी दोन साहित्य संमेलनं भरली, अखिल भारतीय आणि विद्रोही. जलसा ऐकायचा तर कुठल्या मांडवात जायचं हे उदगीरकरांना सांगावं लागलं नाही.

कायद्याचं सांगायचं तर १९५७चा कॉपीराइट कायदा गीतकाराला हक्क देतोच. पण गावाकडच्या गीतकाराकडून कंपनी एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून घ्यायची, आणि दोन-पाचशे रुपये रोख मिळतात म्हटल्यावर तोही सही करायचा. २०१२च्या दुरुस्तीनं त्याचा रॉयल्टीचा वाटा लिहून घेता येणार नाही असं केलं. वाटा मागायला आधी नाव नोंदलेलं लागतं, आणि इथं गाडी परत ‘पारंपरिक’पाशी अडते.

यूट्यूबनं थोडं बदललं. तेव्हाच्या औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर दारोदार गायच्या. कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ फिरला आणि लाखोंनी तो पाहिला. स्टुडिओ नाही, कंपनी नाही, सात मिनिटांचं बंधन नाही. स्प्रिंगस्टीनला जे मुद्दाम करावं लागलं ते इथं परिस्थितीनंच झालं. पुढं मोठ्या स्टुडिओत बेंजो-पॅडच्या भरण्यासह त्यांची गाणी निघाली. मला अजून ती पहिली, एकतारीची, पाठीमागं भांडी वाजणारीच जास्त आवडतात.

पण प्रत्यक्ष रात्रीला आता दुसरंच माप बसलं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते, ती सगळ्या गावांना पुरत नाही. नियम चुकीचा आहे असं म्हणवत नाही. दवाखाने आहेत, परीक्षा आहेत. पण पहाटेपर्यंत चालणारा सामना त्यानं संपवला. आता भाषणं साडेसहाला सुरू होतात, पुढाऱ्यांचे सत्कार आठ-साडेआठपर्यंत रेंगाळतात आणि पार्टीच्या हाती दीड तास उरतो. त्यात शेर आखूड होतात, कडवी गळतात, आठ-दहा गाणी भराभर उरकतात. पार्ट्यांनी यावर काढलेला तोडगा असा की एप्रिलची १४ तारीख गावोगाव पुढं सरकते आणि जयंत्या मे अखेरपर्यंत चालतात. एकाच पार्टीला चाळीस-पन्नास गावं मिळतात. नांदेडहून देगलूरकडे किंवा लातूरहून निलंग्याकडे त्या दिवसांत संध्याकाळी निघालात तर वाटेत कुठंतरी मांडव लागेलच. उतरा, आणि पावणेदहाला म्हटलं जाणारं गाणं सोडू नका. घाईत असले तरी त्या गाण्याचं शेवटचं कडवं पार्टीवाले कापत नाहीत.